कुत्र्याचे जेवण फिरण्याआधी की फिरून आल्यावर? खान्देशच्या उन्हात दोन वेळापत्रकांची तुलना

जळगावच्या मेहरूण तलावाकाठी पहाटे कुत्रे घेऊन येणाऱ्यांमध्ये दोन सरळ तट आहेत. रिकाम्या पोटी कुत्र्याला पळवले तर त्याला चक्कर येईल, असे एका तटाचे म्हणणे आहे, तर खाऊ घालून पळवले तर पोटात पीळ पडून कुत्रा दगावेल, असे दुसऱ्या तटाचे. दोन्ही बाजूंत थोडे तथ्य आहे. घरात नुकताच कुत्रा आलेला असेल आणि त्याचे वेळापत्रक ठरवायचे असेल, तर सकाळ आणि संध्याकाळ या दोन वेळांचा विचार वेगवेगळा करावा, असे माझे मत आहे, कारण आपल्याकडच्या हवेत या दोन वेळांची उत्तरे एकसारखी येत नाहीत.

आधी पिळाची भीती किती खरी, ते पाहू. मोठ्या आणि खोल छातीच्या जातींत, म्हणजे ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन यांसारख्या कुत्र्यांत, जठर वायूने फुगते आणि कधी कधी स्वतःभोवती फिरून त्याची दोन्ही तोंडे बंद होतात. पोट ढोलासारखे ताणलेले, लाळ गळते आहे, कुत्रा अस्वस्थपणे उठबस करतो आहे आणि ओकाऱ्या काढूनही काहीच बाहेर पडत नाही, ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी शस्त्रक्रियेवाचून उपाय नसतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. मात्र जेवणानंतरचे धावणे हेच त्याचे कारण, असे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. त्याहून भक्कम पुरावा वाढते वय, जवळच्या रक्तातल्या कुत्र्याला हाच त्रास झालेला असणे, बकाबका खाणे आणि एका वेळी पोटात जाणारे मोठे आहारमान या गोष्टींबद्दल आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर उंच स्टँडवर ठेवलेल्या भांड्यातून खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांत धोका अधिक आढळला होता, आणि आपल्याकडे अनेक जण तेच स्टँड कुत्र्याच्या सोयीसाठी म्हणून हौसेने विकत आणतात. तरीही जेवल्यावर निदान दोन तास उड्या, चेंडू आणि धावणे बंद ठेवावे, हा पशुवैद्यांचा नेहमीचा सल्ला पाळण्यात खर्च काहीच नाही, म्हणून तो पाळावा. फक्त दोन तासांत पोट रिकामे होते, असे कोणी समजू नये. कोरडे डॉगफूड जठरातून पूर्ण पुढे सरकायला त्याहून बरेच अधिक तास लागतात.

रिकाम्या पोटाची भीती आपण माणसावरून काढलेली आहे. कुत्र्याचे शरीर दमसासाच्या श्रमासाठी मुख्यतः चरबी जाळते, त्यामुळे रात्री व्यवस्थित जेवलेला निरोगी, प्रौढ कुत्रा पहाटे पाऊण तास न खाता चालला तर त्याला काहीही होत नाही. अपवाद आहेत: लहान पिल्ले, मधुमेहामुळे इन्सुलिन चालू असलेले कुत्रे आणि दिवसभर राबणारे कुत्रे. यांच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच ठरवाव्यात. काही कुत्रे पहाटे पिवळे पित्त ओकतात. त्यांना निघण्याआधी भाकरीचा चतकोर तुकडा दिला की बहुधा भागते.

आता सकाळ. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. साडेसहा-सातनंतर डांबरी रस्त्यावर कुत्र्याला नेणे मला पटत नाही. हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून ठेवता आली नाही, तर तो रस्ता त्याच्या पंजांसाठीही नाही. म्हणजे ‘आधी जेवण, मग फेरी’ हा क्रम सकाळी ठेवायचा, तर ताटली साडेतीनला मांडावी लागेल, आणि ते कोणाच्याही घरी चार दिवसांपलीकडे टिकत नाही. शिवाय पचनाच्या क्रियेत शरीरात स्वतःची उष्णता तयार होते, आणि घामाने अंग गार करण्याची सोय कुत्र्याला पंजांच्या तळव्यांपुरतीच आहे. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर असते. भरल्या पोटी, वाढत्या उन्हात चालणाऱ्या कुत्र्यावर हा दुहेरी भार पडतो. त्यामुळे सकाळी आधी फेरी आणि नंतर जेवण, याला मला तरी पर्याय दिसत नाही.

फेरीहून आल्याबरोबर मात्र वाढू नये. आमच्या घरी एक साधी खूण ठरलेली आहे. आमचा लॅब्रॅडॉर आल्या आल्या ओट्याच्या शहाबादी फरशीवर पोट टेकून, मागचे पाय बेडकासारखे फाकवून पसरतो आणि जीभ एका बाजूला लोंबत ठेवतो. थोड्या थोड्या वेळाने त्याला वाटीभर पाणी देतो. पाणी तोडायचे नाही, पण बादलीही पुढे ठेवायची नाही. जीभ आत गेली, तोंड मिटले आणि बरगड्यांची हालचाल संथ झाली, की मग ताटली. हिवाळ्यात याला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, मे महिन्यात पाऊण तासही लागतो.

उलट क्रमाचे फायदेही सांगायला हवेत. जेवणानंतर आतड्यांना चालना मिळते, म्हणून पिल्लाला खाऊ घातल्यावर थोड्या वेळाने अंगणात नेले की ते तिथेच शी करते आणि घरात घाण न करण्याची सवय लवकर लागते. दुसरे असे, की भुकेला कुत्रा रस्त्यावरचे काहीही उचलतो. भरीत किंवा शेवभाजीच्या गाडीमागच्या कचऱ्यात कांदा-लसूण हमखास असतो आणि तो कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना घातक ठरतो. अशा हावरट कुत्र्याला आधी थोडे खाऊ घालण्याचा मोह मलाही झाला होता. पहिल्या वर्षी तो मी पुरवला, आणि जेवणानंतर अर्ध्या तासात गच्चीवर चेंडू टाकला. पाचव्या फेरीला फुगलेल्या डॉगफूडचे अख्खे दाणे फरशीवर होते. पुढे काही बिघडले नाही, पण चेंडू त्या दिवसापासून सकाळचा झाला.

खरी निवड संध्याकाळी करावी लागते. उन्हाळ्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, पण रस्ता आणि भिंती नऊपर्यंत उष्णता सोडत राहतात. त्यामुळे फेरी नऊची धरली, तर एक मार्ग म्हणजे साडेसहाला जेवण देऊन नऊला पट्ट्यावर संथ फेरी, आणि दुसरा म्हणजे नऊला फेरी करून पावणेदहाला जेवण. पिळाच्या धाकाने बहुतेक जण दुसरा मार्ग धरतात. मी पहिल्या बाजूचा आहे, आणि त्याचे कारण पचनापेक्षा घड्याळात आहे. पावणेदहाला जेवलेल्या कुत्र्याचे पोट फुगू लागले, तर घर झोपलेले असते. साडेसहाला जेवलेल्याचे लक्षण आपल्या डोळ्यांसमोर दिसण्याची शक्यता जास्त, आणि चोपडा-अमळनेरसारख्या तालुक्याच्या गावी रात्री एकला शस्त्रक्रिया करणारा पशुवैद्य शोधण्यापेक्षा आठला शोधणे निश्चितच सोपे. अट एवढीच, की नऊची फेरी चालण्याची असावी, धावण्याची नव्हे, आणि दोन जेवणांपैकी मोठे सकाळचे असावे. कुत्रा खोल छातीचा असून पट्टा ओढत पळणाराच असेल, तर मात्र दुसरा मार्ग घ्यावा आणि रात्रीचा वाटा आणखी कमी करावा.

शेतावरच्या कुत्र्याचे गणित निराळे आहे. केळीच्या बागेत रात्रभर राखण करणाऱ्या गावठी कुत्र्याला सालदार आपल्यासोबत, दिवेलागणीला कळण्याची भाकरी कुस्करून घालतो, आणि तो रात्री कधी धावेल हे कोणाच्याच हातात नसते. तिथे सकाळी रखवाली संपल्यावर मुख्य जेवण आणि संध्याकाळी हलका वाटा, एवढा बदल पुरेसा आहे.

हिवाळ्यात सूर्यच सातला उगवतो आणि रस्ता सकाळ-संध्याकाळ गार असतो, तेव्हा कोणताही क्रम चालतो. नवे वेळापत्रक लावायचे असेल, तर ते याच दिवसांत लावावे. जेवणाची वेळ रोज दहा-पंधरा मिनिटांनी सरकवत नेली, तर होळीच्या आधी आठ-दहा दिवसांत कुत्र्याला नवी घडी बसते. ऐन एप्रिलमध्ये एका दिवसात दोन तास बदलले, तर तो पहाटे चारला ताटली वाजवून सगळी गल्ली उठवतो.