टोपडं-मोजे गोल विणायला: पाच सुया की एक लांब गोल सुई?

दोन सुयांवर सपाट विणायचं आणि मागून शिवण घालायची, ही आपल्याकडची जुनी रीत. स्वेटरला ती छान चालते. बाळाच्या टोपड्याला मात्र ती शिवण नेमकी बाळ डोकं टेकवतं तिथेच येते, आणि मोज्यात तळव्याखाली. मग कधीतरी माणूस ठरवतो की आता गोल विणायला शिकायचं, तुळशीबागेत जातो आणि दुकानात उभा राहून विचारात पडतो. दोन्ही टोकांनी विणता येणाऱ्या पाच सुट्या सुयांचा संच घ्यावा की लांब केबलची गोल सुई, म्हणजे लवचीक केबलने जोडलेली दोन टोकं? आमच्या सोसायटीत रविवारी विणायला बसतो तिथेही नवीन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न हाच. मी दोन्हींवर भरपूर विणलंय, त्यामुळे माझं एक मत झालंय. तुमच्या हातांना वेगळं पटलं तर तेही बरोबरच.

आखूड गोल सुई या तुलनेत घेत नाही. नवजात बाळाचं डोकं 35 सेंटीमीटरच्या आसपास आणि 16 इंची सुई 40 सेंटीमीटरची. टाके ताणून बसवावे लागतात, आणि वर टाके घटवायला लागलं की संपलंच. मोज्यांसाठी 9 इंची मिळते, पण तिची टोकं इतकी आखूड की माझी बोटं आखडतात.

पाच सुयांची बाजू आधी मांडतो, कारण ती कमजोर नाही. चार सुयांवर टाके आणि पाचवी विणायला. 48 टाके असले तर प्रत्येकीवर 12. कुठे टाका कमी झाला, कुठे वाढला, बघताक्षणी कळतं. मोज्याची टाच विणताना दोन सुया गप्प बसून राहतात आणि बाकीच्यांवर काम चालतं. शिकवायलाही सोपं. ‘जी सुई रिकामी झाली ती उजव्या हातात घ्या’ एवढं सांगितलं की नवखा माणूस मार्गी लागतो. आणि पद्धत केवढी जुनी! मास्टर बेरट्राम या जर्मन चित्रकाराच्या नावावर असलेलं, 1400 नंतरच्या काही वर्षांतलं बुक्स्टेहुड गावचं वेदीचित्र आज हॅम्बुर्गच्या कुन्स्टहाले या कलासंग्रहालयात आहे. त्यात मेरी लहानग्या येशूचा सदरा विणताना दिसते, गळ्याभोवती गोल, अशाच सुट्या सुयांवर. अर्थात तिला वनाज-रामवाडी मेट्रो पकडायची नव्हती.

पाच सुयांना लोक नाव ठेवतात ते शिडीसाठी. एक सुई संपून दुसरी सुरू होते तिथला टाका सैल पडतो आणि वरपासून खालपर्यंत उभी जाळी दिसते. बहुतेक जण पहिला टाका घट्ट ओढायला सांगतात. मला दुसरा टाका विणून मग धागा ओढल्याचा जास्त उपयोग झालाय. लोकर धुतल्यावर बरंचसं सावरून घेते, सुती धागा नाही घेत. पुण्याच्या हवेत तान्ह्या बाळाला वर्षातले कितीतरी महिने सुतीच बरं, त्यामुळे शिडी आपल्याला जरा जास्तच दिसते. तरी नुसत्या शिडीपायी मी पाच सुया सोडल्या नसत्या.

माझं मन उडालं ते दुसऱ्याच गोष्टीने. पाच सुयांवरचं विणकाम मधेच खाली ठेवता येत नाही. मेट्रोत बसून मोजा विणत होतो, डेक्कनला गर्दी चढली, मोजा पिशवीत सारला. उतरल्यावर बघतो तर एक सुई पिशवीच्या तळाशी आणि तिच्यावरचे सगळे टाके तोंड उघडून मोकळे. त्यातला एक तर तीन ओळी खाली उतरलेला. मग क्रोशाची आकडी काढा, तो टाका एकेक पायरी वर चढवा, बाकीचे सुईवर घ्या, घेताना टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढे आहे ना ते बघा, नाहीतर टाका पिळलेला बसतो. हे एकदाच झालं असतं तर सोडून दिलं असतं. घरीही तेच: कुकरची शिट्टी, दारात कुरिअर, उठलो की ॲल्युमिनियमची सुई फरशीवर टणकन पडून थेट सोफ्याखाली. बांबूच्या सुया कमी घसरतात हे मान्य, पण मोज्याच्या बारीक सुईवर कुणी बसलं की ती गेली. टोकांना रबरी टोप्या घालता येतात, मीही घातल्या. पण दर वेळी उठताना आठ टोकांना टोप्या घालायच्या आणि बसताना काढायच्या, तर विणायचं कधी?

गोल सुईवर ही कटकटच नाही. केबल 80 सेंटीमीटर किंवा त्याहून लांब हवी. टाके निम्मे-निम्मे करायचे, मधून केबलचा फास बाहेर काढायचा, पुढचे निम्मे विणायचे, काम फिरवायचं, उरलेले निम्मे विणायचे. सॅरा हॉस्का या अमेरिकन बाईंची ही युक्ती 2002 पासून सगळीकडे पसरली. थांबायचं असलं की टाके केबलवर ढकलायचे आणि पिशवीत कसंही कोंबायचं. रिकाम्या टोकांवरून निसटायला तिथे टाकेच नसतात. शिड्याही चाराच्या दोनच. शिवाय दोन्ही मोजे एकाच सुईवर शेजारी-शेजारी विणता येतात, त्यामुळे एक मोजा झाला आणि दुसरा दिवाळीपर्यंत राहिला असं होत नाही. गुंडे मात्र दोन लागतात आणि ते एकमेकांत गुंततातच.

दोष आहेत. प्रत्येक फेरीत दोनदा केबल ओढावी लागते, आणि हात बसलेली पाच सुयावाली मंडळी मला सहज मागे टाकतात. नवी केबल वेटोळं सोडत नाही. थोडा वेळ गरम पाण्यात बुडवून सरळ धरली की ऐकते. खरी पारख सुई आणि केबलच्या जोडाची. तिथे किंचित जरी कंगोरा असला तरी दर फेरीला टाका अडकतो आणि जीव नकोसा होतो. दुकानातच जोडावरून नख फिरवून बघा. नख अडलं तर धागाही अडणार. शिकवतानाही पहिला तासभर गोंधळ असतो, लोक हमखास चुकीचं टोक ओढतात. आमच्याकडे त्यावर मंत्र आहे: ‘मागचं ओढ, पुढचं सोड.’

घेताना नंबरावर जाऊ नका, मिलिमीटर बघा. आपल्याकडच्या जुन्या क्रमांकात आकडा वाढेल तशी सुई बारीक होते, अमेरिकन क्रमांकात उलटं. आपली 10 नंबरची सुई म्हणजे 3.25 मिलिमीटर, अमेरिकेत तीच 3 नंबर. नमुना तिकडचा आणि सुई इकडची असली की टोपडं बाहुलीला तरी होतं नाहीतर बाबांना.

आईचा किंवा आजीचा पाच सुयांचा संच घरात पडून असेल तर आधी तोच काढा, विशेषतः तुम्ही घरी एका जागी निवांत बसून विणणारे असाल तर. हातमोज्याची बोटं विणायला मीही अजून त्याच घेतो. तिथे टाके इतके थोडे की निम्मा वेळ केबल ओढण्यातच जातो. पण पैसे घालून नवीन घ्यायचं असेल तर मी तरी गोल सुई घेईन: मोज्याला 2.5 मिलिमीटर, टोपड्याला 3.25, केबल 80 सेंटीमीटर. दोन्ही मोजे एकदम विणायचे असतील तर 100.