व्हॉइड लिनक्स: सिस्टिमडीशिवाय रोजचं काम भागतं का?

सिस्टिमडी (लिनक्स सुरू होताना मागे चालणारे प्रोग्राम, म्हणजे सर्विसेस, उठवणारं आणि सांभाळणारं सॉफ्टवेअर) चांगलं की वाईट या भांडणात मला पडायचंच नाहीये, ते डेबियन लिनक्सवाल्यांचं 2014 साली पोटभर भांडून झालंय आणि त्यातून सिस्टिमडीशिवायचं डेवुआन पण वेगळं निघालं. मला फक्त जुन्या थिंकपॅडवर हलकं, रोलिंग (नव्या आवृत्तीची वाट न बघता सतत अपडेट होणारं) लिनक्स हवं होतं आणि मागे काय काय चालू आहे ते एका नजरेत कळायला हवं होतं, म्हणून व्हॉइड टाकलं. सध्या रोजचं मशिन तेच आहे.

व्हॉइड कुणाचा फोर्क, म्हणजे दुसऱ्या लिनक्सवरून काढलेली आवृत्ती, नाहीये बरं का. नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम केलेल्या हुआन रोमेरो पार्दिनेस यांनी 2008 मध्ये स्वतःचा एक्सबीपीएस पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर टाकायचं-काढायचं टूल) तपासायला म्हणून सुरू केलेलं. मध्ये काही काळ यातही सिस्टिमडीच होतं, 2014 पासून त्याच्या जागी रनिट.

आणि खरी मजा या रनिटमध्येच आहे. प्रत्येक सर्विसचं एक फोल्डर, त्यात रन नावाची एक साधी शेल स्क्रिप्ट, बस. एसएसएच (दुरून लॉगिन करायच्या) सर्व्हरची उघडून बघा, मोजून चार ओळी: कीज नसतील तर बनव, कॉन्फ फाईल असेल तर वाच, आणि मग एक्झेक करून (स्क्रिप्टच्याच जागी) सर्व्हर फोरग्राउंडला चालव. सर्विस चालू करायची म्हणजे त्या फोल्डरची सिमलिंक (शॉर्टकटसारखी लिंक) सर्विस डिरेक्टरीत टाकायची, रनिट दर पाच सेकंदांनी तिथे डोकावतं त्यामुळे तुम्ही पुढची कमांड टाईप करेपर्यंत ती उठलेली असते. बंद करायची तर लिंक उडवा. डिपेंडन्सी (कोण कोणाच्या आधी चालू हवं) वगैरे प्रकारच नाही, डीबस (प्रोग्राम्सना एकमेकांशी बोलू देणारी सर्विस) लागत असेल तर स्क्रिप्ट स्वतःच विचारते डीबस आहे का, नसेल तर बाहेर पडते आणि रनिट तिला परत उठवतं, असं जमेपर्यंत चालू. ऐकायला जुगाड वाटतो पण काम चोख करतो. स्टेटस बघितलं की किती वेळ चालू आहे ते सेकंदात येतं, म्हणजे दिवसभरानंतर पाच आकडी नंबर (तास-मिनिटं दाखवायला काय जातं देव जाणे), पण फायदा असा की दरवेळी शून्य नाहीतर एक सेकंद दिसत असेल तर समजायचं की सर्विस पडतेय, उठतेय, परत पडतेय.

आता त्रासाचं. व्हॉइड तुम्हाला हाताला धरून काहीही देत नाही. पाइपवायर (आवाज सांभाळणारं सॉफ्टवेअर) टाकलं म्हणून आवाज येईल असं नाही, ते लॉगिननंतर ऑटोस्टार्टमध्ये तुम्हीच लावायचं, कारण सिस्टिमडीच्या युजर सर्विसेस इथे नाहीत. नेटवर्क मॅनेजर चालू केलं तर नेटवर्क जोडणाऱ्याच दुसऱ्या सर्विसेस, डीएचसीपीसीडी आणि डब्ल्यूपीए सप्लिकंट, यांच्या लिंक्स काढा, नाहीतर एकाच वायफायवर सगळ्यांची ओढाताण. बेस इन्स्टॉलमध्ये सिसलॉग (सिस्टिमच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम) पण नसतो! जर्नलसीटीएलची (सिस्टिमडीचे लॉग दाखवणाऱ्या कमांडची) सवय असलेला माणूस पहिल्या एररला लॉग शोधत बसतो, म्हणून सॉकलॉग हा लॉग ठेवणारा प्रोग्राम आधीच टाकून घ्या. हँडबुक मात्र झकास आहे, व्हॉइड-डॉक्स पॅकेज टाकलं की नेट नसतानाही वाचता येतं, आणि वरच्या सगळ्या गोष्टी त्यात आहेत, फक्त आधी वाचायचं असतं.

आयएसओ (इन्स्टॉलची फाईल) घेताना मस्ल की जीलिबसी असा प्रश्न येईल, या दोन्ही म्हणजे सगळे प्रोग्राम ज्यावर चालतात त्या मूळ सी लायब्ररी. डोळे मिटून जीलिबसी घ्या, क्रोम, स्टीम, एनव्हिडियाचा ड्रायव्हर यातलं काहीही हवं असेल तर मस्लवर डोकेदुखी आहे.

एक्सबीपीएसबद्दल तक्रार नाही, अपडेट भरभर होतात. जुने कर्नल आपोआप जात नाहीत, व्हीकेपर्ज या कमांडने अधूनमधून साफ करावे लागतात, नाहीतर बूट पार्टिशन वेगळं आणि छोटं असेल तर ते भरतं. मराठी वाचायला नोटो फॉन्टचं पॅकेज टाका, देवनागरी स्वच्छ दिसते, जोडाक्षरं कुठे तुटत नाहीत, आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड येत असेल तर एक्सकेबीमधलाच (लिनक्सच्या कीबोर्ड सेटिंगमधला) लेआउट पुरतो.

कुठल्याही लिनक्सवर ॲप टाकायची फ्लॅटपॅक पद्धत व्यवस्थित चालते. तसंच असलेलं उबुंटूवाल्यांचं स्नॅप विसरा, त्याला सिस्टिमडी लागतंच. आणि ऑफिसचा व्हीपीएन किंवा अँटिव्हायरस असला इन्स्टॉलर थेट सिस्टिमसीटीएल ही सिस्टिमडीची कमांड शोधतो, ती मिळाली नाही की तिथेच आडवा होतो, मग रन स्क्रिप्ट तुम्हालाच लिहावी लागणार. घरच्या लॅपटॉपवर ते करायला मजा येते, पण सोमवारी सकाळी स्टँडअप मीटिंगच्या आधी नाही, त्यामुळे कामाच्या मशिनवर उबुंटूच आहे आणि तिथे तेच राहील.