चेन आधीच बदलायची, आलटून-पालटून चालवायची, की कॅसेटसकट झिजू द्यायची?

सायकलच्या चेनची झीज मोजणारा चेकर आत पडायला लागलाय, म्हणजे चेन झिजलीय. गिअर मात्र अजून बरे पडताहेत, आवाजही नाही. मग चेन बदलायची की चालवायची? नियमित सायकल चालवणाऱ्यांमध्ये याची तीन उत्तरं चालतात. काहीजण चेन जरा झिजली की लगेच काढून टाकतात, म्हणजे कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चाकांचा संच) वाचते. काहीजण दोन-तीन चेन घेऊन त्या आलटून-पालटून चालवतात. आणि काहीजण काहीच मोजत नाहीत. चेन, कॅसेट, चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक) सगळं एकत्र झिजू देतात आणि एकदमच बदलतात.

तिसऱ्या गटाला आळशी म्हणायची पद्धत आहे. ती मला पटत नाही. आधी एक साधा भागाकार करून बघा: तुमच्या कॅसेटच्या किमतीला चेनच्या किमतीनं भागा. उत्तर दोनच्या आत आलं, तर मोजमापाच्या फंदात न पडता झिजू देणंच परवडतं. चारच्या पुढे गेलं, तर चेन वेळेवर बदलण्याला पर्याय नाही. मधल्यांनी मात्र नीट विचार करावा, कारण तिथे किमतीपेक्षा तुमची सवय जास्त महत्त्वाची ठरते.

नेमकं झिजतं काय

चेनच्या एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर असतं अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. चेनच्या पट्ट्या लांबत नाहीत. झिजते ती पिन, आणि पिन ज्यात फिरते ती आतल्या पट्टीच्या भोकाची कड. प्रत्येक सांध्यात सरासरी सहा शतांश मिलिमीटर झीज झाली की चेन अर्धा टक्का लांब झाली. डोळ्याला काही दिसत नाही. पण चेनमध्ये असे शंभरावर सांधे असतात. जुनी आणि नवी चेन एकाच खिळ्याला शेजारी-शेजारी टांगा. झीज एक टक्क्यावर गेली असेल, तर तेवढ्याच सांध्यांची जुनी चेन साधारण एका सांध्याएवढी खाली लोंबते. (म्हणूनच नवी चेन कापताना जुनीच्या लांबीला लावून कापू नये, सांधे मोजावेत.)

लांबलेली चेन दात्याच्या बुडाशी नीट बसत नाही, वर सरकते. मग जो भार अनेक दात्यांनी वाटून घ्यायचा, तो एक-दोन दात्यांवर येतो आणि ते दाते एका बाजूनं खाल्ले जातात. कॅसेट हळूहळू त्या लांबलेल्या चेनच्या मापाची होते. दोघांचं जुळलेलं असतं तोवर तक्रार नसते. त्या दात्यांवर नवी, बरोबर मापाची चेन चढवली की ती जोर पडताच उसळते. आधी कॅसेटच्या छोट्या दातेरी चाकांवर, कारण तिथे चेन मोजक्याच दात्यांना धरून असते, आणि रोजच्या वापरातल्या एक-दोन मधल्या चाकांवर. पुढच्या चेनरिंगला चेन निम्म्या घेरावर धरून असते, म्हणून ती बराच काळ निभावून नेते. एका चेनरिंगवर दोन-तीन कॅसेट सहज जातात.

मोजताना फसगत

स्टीलची पट्टी सगळ्यात प्रामाणिक. चेन ताणून धरा, एका पिनचा मध्य शून्यावर ठेवा आणि बारा इंचांच्या खुणेकडे बघा. नवीन चेनची पिन बरोबर खुणेवर येते. ती सोळांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटरहून किंचित जास्त, पुढे गेली तर झीज अर्धा टक्का. अष्टमांश इंच गेली तर एक टक्का. बाजारातले बरेचसे स्वस्त चेकर दोन रोलर एकमेकांच्या विरुद्ध दिशेनं ढकलतात, त्यामुळे रोलरचा ढिलेपणाही झिजेत धरला जातो आणि चांगली चेन बाद ठरते. शिमानोचा टीएल-सीएन४२ किंवा पार्क टूलचा सीसी-४ असे तीन ठिकाणी टेकणारे चेकर हा घोळ टाळतात. मोजा कशानंही, पण चेनवर तीन-चार जागी मोजा आणि सगळ्यात वाईट आकडा खरा धरा.

तीन रस्ते शेजारी ठेवले तर

वेळेवर बदलणाऱ्यांसाठी मर्यादा अशी: अकरा आणि बारा गिअरच्या (म्हणजे कॅसेटवर तेवढी चाकं असलेल्या) चेनला अर्धा टक्का, दहा आणि त्याखालच्यांना पाऊण टक्का. या शिस्तीत एका कॅसेटवर तीन चेन तरी निघाव्यात, पुष्कळदा जास्तच. गिअर कायम नव्यासारखे पडतात, कारण चेनचा आडवा ढिलेपणा वाढायच्या आतच ती गेलेली असते. खटकतं एवढंच, की दिसायला ठणठणीत चेन फेकून द्यावी लागते. पण ज्याच्या कॅसेटची मोठी चाकं टायटॅनियमची आहेत, किंवा जो ग्रुपमध्ये चाकाला चाक लावून वेगात चालवतो, त्यानं याच रस्त्यानं जावं. घोळक्यात उभं राहून जोर लावताना चेन उसळली तर पाय धपकन खाली जातो, छाती हँडलवर आपटते, आणि मागच्यांना वळायला जागा नसते.

या शिस्तीत एकदा खंड पडला की मात्र फार वाईट निर्णय घेतले जातात. झीज एक टक्क्याच्या पुढे गेल्याचं कळतं, अपराधी वाटतं, घाईनं नवी चेन येते. ती उसळते. मग कॅसेट आणायची, आणि जुनी चेन-कॅसेटची जोडी, जी आणखी काही महिने गुण्यागोविंदानं चालली असती, ती अकाली जाते. एक टक्का ओलांडला असेल तर नवी चेन घेऊच नका. आपण आपोआप तिसऱ्या गटात आलो असं समजा आणि चालवत राहा.

त्या गटातल्यांनी कुठे थांबायचं? गिअर आळसायला लागले, रोजच्या जोराला चेन सटकायला लागली, किंवा पुढच्या छोट्या चेनरिंगला चेन चिकटून वर ओढली जायला लागली की संपलं. मग चेन, कॅसेट, गरज असेल तर चेनरिंग आणि मागच्या डिरेलरची (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची) दोन छोटी चाकं, सगळं एकदम. सात-आठ गिअरची सायकल, कामावर जायचा रोजचा सपाट रस्ता, पावसात उभी राहणारी गाडी, अशा ठिकाणी हाच हिशेब सरळ आहे. तिथे दर महिन्याला चेकर लावणं म्हणजे छंद, देखभाल नव्हे. डोंगर चढणाऱ्यांनी किंवा रेस करणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये.

राहिला आलटून-पालटूनचा मार्ग. तीन चेन एकदम घ्यायच्या, काहीशे किलोमीटर झाले की पुढची चढवायची, म्हणजे तिन्ही आणि कॅसेट एकत्र म्हातारे होतात. कागदावर छान दिसतं. पण झिजेच्या बाबतीत वेळेवर बदलण्यापेक्षा यात फार मोठी कमाई आहे असं मला वाटत नाही, आणि हिशेब ठेवण्याची कटकट पुष्कळ. कुठली चेन किती चालली हे लिहून ठेवलं नाही, तर दोन महिन्यांत तिन्ही सारख्याच अनोळखी होतात. शिवाय प्रत्येक वेळी क्विक लिंक, म्हणजे चेनचा उघडता येणारा सांधा, उघडायची. अकरा-बारा गिअरच्या बऱ्याचशा क्विक लिंक कंपनीच्या मते एकदाच वापरायच्या असतात. कॉनेक्स कंपनीच्या असतात तशा पुन्हा-पुन्हा उघडता येणाऱ्या घेतल्या तरच ही पद्धत जमते.

तरीही एका माणसाला मी हीच पद्धत सांगेन: गरम मेण वापरणाऱ्याला.

ऑइल की मेण

कारण सगळ्या झिजेचं मूळ वंगणात अडकलेल्या धुळीत आहे. ऑइलमध्ये मिसळलेली बारीक वाळू म्हणजे पॉलिश पेपरच, तो पिनच्या भोवती गोल फिरत राहतो. ओलं ऑइल पावसात टिकतं, आणि कोरड्या हवेत सगळ्यात जास्त घाण ओढतं. ते वापरायचं तर रोलरवर थेंब-थेंब सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि फडक्यानं बाहेरून कोरडं होईपर्यंत पुसायचं. बाहेरच्या पट्टीवर चकाकणारं ऑइल काहीच काम करत नाही.

वितळवलेल्या पॅराफिन मेणात बुडवलेली चेन कोरडी असते, हाताला काळं लागत नाही, आणि धूळ आत जायला वाव कमी. चेन ऑइलपेक्षा स्पष्ट जास्त टिकते. त्याची किंमत अशी, की सुरुवातीला कारखान्यातून आलेलं ग्रीस पूर्ण काढावं लागतं. आधी रॉकेल किंवा मिनरल स्पिरिटमध्ये दोन-तीन वेळा घोळवून, मग अल्कोहोलमध्ये. खळबळल्यावर द्रव स्वच्छ निघेपर्यंत घोळवत राहायचं, नाहीतर मेण धातूला धरत नाही. मेण थेट ज्योतीवर वितळवू नका, तापमान हाताबाहेर गेलं तर पेट घेतं. स्लो कुकर किंवा गरम पाण्यातलं भांडं पुरे. नंतर साधारण दर ३०० किलोमीटरला, आणि भिजल्यावर लगेच, पुन्हा बुडवायची.

हे दर आठवड्याला कोण करणार? म्हणूनच तीन चेन. तिन्ही एकाच वेळी बुडवून ठेवल्या की पुढचे ९०० किलोमीटर फक्त चेन बदलायची. इथे आलटून-पालटून वापरणं झीज वाचवण्यासाठी नाही, सोयीसाठी आहे, आणि ती सोय खरी आहे. बाटलीतलं पातळ मेण हा मधला उपाय, पण लावल्यावर ते काही तास वाळू द्यावं लागतं. निघायच्या पाच मिनिटं आधी लावलं तर उपयोग शून्य. ज्यांना चेन पुसायची आठवण आदल्या रात्री होत नाही, त्यांनी ऑइलवरच राहावं.

नवी चेन जुन्या कॅसेटवर चढवली की लगेच चढावर उभं राहून जोर लावू नका. आधी बसल्या-बसल्या, मागचा ब्रेक हलका दाबून, एकेका गिअरवर पायाला ताण द्या. कॅसेट गेलेली असेल तर खालून ‘कट्’ असा आवाज येऊन पेडल पाव फेरा पुढे सटकतं. एकाच चाकावर तसं झालं आणि ते चाक सुटं मिळत असेल, तर पूर्ण कॅसेट घ्यायचीही गरज नाही.