ओपनबोर्ड थांबला, पुढे हेलीबोर्ड: रोज मराठी लिहिणारीचा अनुभव

मुद्रितशोधनाची बरीच कामं आता फोनवरच येतात आणि लेखकांशी होणारा पत्रव्यवहारही तिथेच चालतो. त्यामुळे कीबोर्ड ही माझी रोजची, हाताखालची वस्तू आहे. गेले कित्येक महिने मी अँड्रॉइडवर हेलीबोर्ड वापरते आहे. मला तो फार आवडला आहे. शुद्ध मराठी लिहिण्याची चाड असलेल्यांनी तो एकदा तरी वापरून पाहावा असं मनापासून वाटतं. पण तो सगळ्यांना मानवेल असं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्याचं घराणं. अँड्रॉइडच्या खुल्या कोडमध्ये (म्हणजे कुणालाही बघता, बदलता येईल अशा) लॅटिनआयएमई नावाचा एक कीबोर्ड पहिल्यापासून होता. गुगलचं लक्ष स्वतःच्या बंद कोडच्या कीबोर्डकडे वळलं (तोच २०१६ च्या अखेरीस अँड्रॉइडवर जीबोर्ड झाला) आणि हा खुला भाऊ मागे पडला. त्याच्या कोडवर ओपनबोर्ड उभा राहिला, गुगलच्या सेवांशी काहीही संबंध न ठेवणारा. मग २०२२ नंतर त्याचीही नवी आवृत्ती आली नाही. दुरुस्त्या पाठवणारे लोक होते, पण आलेल्या पुल रिक्वेस्ट (कोडमधले सुचवलेले बदल) तपासून आत घ्यायला कुणी नव्हतं, त्या नुसत्या साचत गेल्या. त्या पाठवणाऱ्यांपैकीच हेलियम३१४ या टोपणनावाने काम करणाऱ्या विकासकाने आपला फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून काढलेली स्वतंत्र शाखा, चालू ठेवला आणि २०२४ च्या सुरुवातीला तो हेलीबोर्ड या नावाने पुढे आला. कुणाची परवानगी मागावी लागली नाही, कारण मूळ कोड अपाची २.० परवान्याखाली आहे आणि ओपनबोर्ड जीपीएल ३ खाली. जीपीएलची अट एवढीच की पुढचा कोडही तसाच खुला ठेवायचा. ती पाळली गेली आहे.

वापरणाऱ्याच्या बाजूने यात एक मोठी अडचण आहे, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ॲप बिघडलं तर आपल्याला कळतं, पण त्यामागचा प्रकल्प थांबला तर फोन काहीच सांगत नाही. ओपनबोर्ड आजही ज्यांच्या फोनवर आहे तिथे अक्षरं उमटत राहतात. हेलीबोर्डचं पॅकेज-नाव (फोन ॲप ओळखतो ते) वेगळं, डिजिटल सही वेगळी, त्यामुळे एफ-ड्रॉइड हे खुल्या ॲप्सचं दुकान त्याला ‘अपडेट’ म्हणून दाखवत नाही. तो नवं ॲप म्हणून वेगळा बसवावा लागतो. शेवटचा अपडेट केव्हा आला होता हे अधूनमधून स्वतःच जाऊन बघायचं, दुसरा उपाय नाही. फाइली दोन उपकरणांत सारख्या ठेवणाऱ्या सिंकथिंगच्या मूळ अँड्रॉइड ॲपबद्दल निदान उघड घोषणा झाली, डिसेंबर २०२४ ची आवृत्ती शेवटची असेल म्हणून. सिंपल मोबाइल टूल्स या संचातली खुली ॲप्स २०२३ च्या शेवटी विकली गेली, तेव्हा जुन्या सहभागी विकासकाने फॉसिफाय हा फोर्क काढला, पण ती बातमी ज्यांच्या कानावर आली नाही ते जुन्याच ॲपवर राहिले.

कीबोर्डच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं, कारण पासवर्ड, ओटीपी, घरच्यांना लिहिलेलं पत्र, सगळं त्याच्या हातून जातं. हेलीबोर्ड इंटरनेटची परवानगीच मागत नाही. आपण काय टाइप केलं ते बाहेर पाठवायला त्याला स्वतःची वाटच नाही.

आता मराठी. मराठीच्या कळांची मांडणी इन्स्क्रिप्टच्या (भारतीय लिप्यांसाठीच्या सरकारमान्य कळरचनेच्या) धर्तीची आहे: डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. सवय होईपर्यंत वैताग येतो, झाली की बोटं आपोआप चालतात. मला सगळ्यात मोलाची वाटलेली सोय म्हणजे स्वतःची मांडणी करता येते. साध्या मजकुराची फाइल असते. एका ओळीवर एक कळ, कीबोर्डवरची एक रांग संपली की मध्ये एक रिकामी ओळ, आणि कळ दाबून धरल्यावर यायची अक्षरं त्याच ओळीत पुढे जागा सोडून लिहायची. प्रोग्रामिंग अजिबात येत नसलं तरी जमतं. मी ळ हाताशी आणला, अ दाबून धरला की ॲ येईल असं केलं, आणि ऱ ला र च्या मागे बसवलं. ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ हे शब्द नीट उमटायचे तर र नाही, ऱ आणि त्याला हलन्त हवा. कित्येक जण ‘दर्या’ लिहून पुढे जातात आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो! हाताशी कळ असली की ही चूक होत नाही. माझं निम्मं समाधान या एका कळीत आहे.

शब्दसूचनांची गोष्ट मात्र वेगळी. मराठीचा शब्दकोश ॲपसोबत येत नाही, तो वेगळी फाइल म्हणून आत घ्यावा लागतो. प्रकल्पाचा शब्दकोशांचा साठा कोडबर्ग या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर आहे, त्यात पक्के आणि प्रायोगिक असे दोन गट केलेले आहेत. आत बघितलं तर शब्दकोश म्हणजे एक लांबलचक यादी: प्रत्येक शब्द आणि त्यापुढे ० ते २५५ मधला एक आकडा, तो शब्द किती वारंवार येतो त्याचा. व्याकरण त्या यंत्राला ठाऊकच नाही. इंग्रजीला हे पुरतं. मराठीत ‘घर’ यादीत असून भागत नाही. घरात, घराला, घरातला, घरातल्यांना, घराबाहेरचं, घरापासून, हे सगळं स्वतंत्र शब्द म्हणून असावं लागतं, नाही तर खाली लाल रेघ. सुरुवातीला अर्धा मजकूर लाल दिसायचा. सतत वापरल्यावर माझे नेहमीचे शब्द तो शिकला आणि आता सूचना बऱ्याच उपयोगी पडतात. पण हे शिकणं माझ्या फोनपुरतं. सेटिंग्जमध्ये बॅकअपची सोय आहे, ती जरूर वापरा.

दोन भाषा एकत्र वापरायची सोय आहे, पण एकाच लिपीतल्या भाषांची. मराठी-हिंदी जमतं, मराठी-इंग्रजी जमत नाही, त्यासाठी भाषा बदलावी लागते. मी स्पेसबारवर बोट आडवं ओढलं की बदलेल असं लावून ठेवलं आहे.

कुणी वाटेला जाऊ नये? इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून त्याचं देवनागरी होण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी. ती सोय इथे नाही, आणि मला माहीत आहे की आपल्यातल्या बहुतेकांना तीच लागते. बोलून लिहिणाऱ्यांचंही तसंच: मायक्रोफोनची कळ फोनमधल्या दुसऱ्या व्हॉइस इनपुटकडे नेते, स्वतःचं काही नाही. बाबांना मी हेलीबोर्ड बसवून दिला होता. त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि म्हणाले, “अगं, मला बोलायचं असतं, टिपायचं नसतं. आहे तोच राहू दे.” राहू दिला. बोट न उचलता घासत टाइप करायलाही बंद कोडची एक लायब्ररी वेगळी आणून जोडावी लागते, कारण चालेलशी खुली लायब्ररी उपलब्ध नाही. प्रकल्पाने ही गोष्ट लपवलेली नाही, हे मला आवडलं.

फोर्क निघतो एका दिवसात, खरं काम नंतरचं. अँड्रॉइडची दर नवी आवृत्ती काहीतरी बदलते. अँड्रॉइड १५ पासून ॲपचा पडदा कडेपर्यंत पसरवण्याची सक्ती आली, पुढे १६ केबी मेमरी पेजचा (फोन मेमरीचे तुकडे किती मोठे करतो त्याचा) विषय आला आणि सी++ या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला भाग त्यानुसार पुन्हा बांधणं भाग पडू लागलं. लॅटिनआयएमईचं शब्द शोधणारं यंत्र तसंच सी++ मधलं. हे सगळं कुणीतरी बिनपगारी, संध्याकाळी बसून करतं. म्हणून नवा फोर्क घेण्याआधी मी त्याच्या सोयींची यादी बघत नाही. शेवटची आवृत्ती कधीची, बदल एकाच्याच नावावर आहेत का अनेकांच्या, तक्रारीला उत्तर मिळतं का, ‘हे करणार नाही’ असं स्पष्ट सांगितलेलं आहे का, हे बघते. हेलीबोर्ड इथे भक्कम वाटतो. ॲपमधल्या मजकुराचं भाषांतर वेबलेट या संकेतस्थळावर कुणालाही करता येतं, त्याला कोड यावा लागत नाही. तरी मुख्य भार थोड्याच खांद्यांवर आहे आणि ही काळजी मला वाटतेच.

आपल्याकडून होण्यासारखं एक काम समोर आहे: मराठीची चांगली शब्दयादी. छापील कोशातून उचलता येत नाही, तिथे हक्क असतात. मराठी विकिपीडियाचा मजकूर खुल्या परवान्याखाली आहे, त्यावरून शब्द आणि त्यांची वारंवारता काढता येते, पण त्यात अशुद्ध रूपंही भरपूर येतात. ती एकेक करून डोळ्यांखालून घालावी लागतात, म्हणजे शेवटी मुद्रितशोधनच. नामांची रूपं मी चाळत आणली आहेत. क्रियापदांशी अडले आहे: ‘करणे’ची करतोय, करत्येय, करतंय, करायचंय अशी बोलीतली रूपं यादीत घ्यायची की नाही, आणि घेतली तर कोणता आकडा द्यायचा, यावर प्रमाणलेखन आणि बोली दोन्ही जाणणाऱ्यांचं मत मला हवं आहे.