इओसिनोफिल वाढले, धाप लागते: आधी डीईसी की स्टेरॉइड?

रात्री झोपमोड करणारा कोरडा खोकला, छातीत शिटी आणि रक्तात भरमसाट वाढलेले इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), एवढ्यावर कोकणात ‘इस्नोफिलिया’ म्हणून रुग्णाची बोळवण होते. त्यामागे दोन निराळे आजार असू शकतात. दोन्हींत स्टेरॉइडने काही काळ बरे वाटते, त्यामुळे स्टेरॉइड लागू पडले यावरून निदान होत नाही.

पहिला आजार उष्णकटिबंधीय फुप्फुसी इओसिनोफिलिया. हत्तीरोगाच्या सूक्ष्म कृमींविरुद्ध शरीराने दिलेली ही अतितीव्र प्रतिक्रिया असते. इओसिनोफिल बहुधा रक्ताच्या दर घन मिलिमीटरमागे ३,००० च्या वर असतात, आयजीई (ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंड) खूप वाढलेले असते आणि एक्स-रेवरील बारीक ठिपके कधी क्षयासारखे दिसतात. कृमी रक्तात सहसा सापडतच नाहीत, त्यामुळे रात्री घेतलेला नमुना निर्दोष आला तरी हा आजार नाकारता येत नाही. फायलेरियाची, म्हणजे हत्तीरोगाच्या कृमींविरुद्धची, प्रतिपिंडे तपासावी लागतात. उपचार म्हणजे डीईसी (डायइथिलकार्बामॅझिन) हे कृमिनाशक औषध, साधारण तीन आठवडे. हत्तीरोगाच्या सामूहिक औषध मोहिमेत वर्षातून एकदा मिळणारी मात्रा त्याची जागा घेऊ शकत नाही. उपचार न झाल्यास फुप्फुसे कायमची आकसू शकतात.

दुसरा आजार हायपरइओसिनोफिलिक सिंड्रोम, जो पुष्कळच दुर्मीळ आहे. यात इओसिनोफिल सातत्याने १,५०० च्या वर राहतात आणि अवयवांना इजा करतात. फुप्फुसांत डाग उमटतात, छातीत पाणी साठते, रक्ताची गुठळी जाऊन अडकते. मात्र धाप लागण्याचे मूळ पुष्कळदा हृदयात असते, म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) टाळू नये.

प्रकृती स्थिर असेल, तर या किनाऱ्यावर आधी डीईसी द्यावी, असे माझे मत आहे. उतार पडला तर निदानालाही पुष्टी मिळते. पण हृदयाला इजा किंवा गुठळीची शंका असेल, तर तीन आठवडे थांबणे धोक्याचे आहे. तेथे स्टेरॉइडच आधी. भातशेतीत अनवाणी वावरणाऱ्यांत स्ट्राँगिलॉइडिस कृमी असू शकतो आणि स्टेरॉइडखाली तो जीवघेणा पसरतो. शौचतपासणीत तो अनेकदा हुकतो, म्हणून शंका असल्यास सोबत आयव्हरमेक्टिन देतात.

हायपरइओसिनोफिलिक सिंड्रोमच्या काही रुग्णांत एफआयपी१एल१-पीडीजीएफआरए हा जनुकीय दोष असतो आणि त्यांना इमॅटिनिब हे औषध उत्तम लागू पडते. तो नसलेल्यांसाठी मेपोलिझुमॅब हे इंजेक्शन २०२० पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे. ही जनुकतपासणी मुंबईत किंवा गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन करायची ठरली, तर शक्यतो स्टेरॉइडची पहिली गोळी घेण्यापूर्वी रक्त काढून ठेवावे.