प्रॉक्सीएसक्यूएल: रीड-राइटची वाटणी कोडमधून बाहेर काढायची असेल तर

ॲपमध्ये जागोजागी 'रीड असेल तर रेप्लिका (मूळ डेटाबेसची प्रत), नाहीतर प्रायमरी (लिखाण होतं तो मूळ डेटाबेस)' असे इफ-एल्स विखुरले असतील, तर ते उपटून हे काम प्रॉक्सीएसक्यूएलवर, म्हणजे ॲप आणि मायएसक्यूएलच्या मध्ये बसणाऱ्या प्रॉक्सीवर, टाकणं परवडतं. ॲपचा पोर्ट मायएसक्यूएलच्या ३३०६ चा प्रॉक्सीच्या ६०३३ करायचा. प्रॉक्सीची सेटिंग्ज बदलायचं ॲडमिन ६०३२ वर.

गंमत कोणती क्वेरी कुठे जाईल हे ठरवणाऱ्या नियमांत आहे. नेटवरचे दोन रेडिमेड रेजेक्स (मजकूर जुळवायचे नमुने), 'सिलेक्ट... फॉर अपडेट' (ओळी लॉक करून वाचणारी क्वेरी) प्रायमरीवर आणि बाकी 'सिलेक्ट' रेप्लिकावर, डोळे मिटून चिकटवू नका. पहिल्याच्या शेवटी डॉलरचं चिन्ह असतं, म्हणजे मजकूर तिथेच संपायला हवा. त्यामुळे 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' त्यात बसत नाही, दुसऱ्या नियमात सापडतं आणि लॉक रेप्लिकावर लागू शकतो, म्हणजे लागून न लागल्यासारखाच. नियम रूल-आयडीच्या चढत्या क्रमाने तपासले जातात, हेही विसरू नका.

त्यापेक्षा आधी सगळं प्रायमरीवरच जाऊ द्या. मग स्टॅट्स_मायएसक्यूएल_क्वेरी_डायजेस्ट हे क्वेऱ्यांच्या आकडेवारीचं टेबल सम_टाइमच्या (एकूण लागलेल्या वेळेच्या) उतरत्या क्रमाने बघा आणि शिळा डेटा चालेल अशाच जड क्वेऱ्या एकेक करून रेप्लिकावर हलवा. ऑर्डर टाकल्या टाकल्या 'माझ्या ऑर्डर्स' दाखवणारी क्वेरी त्यात नको. रेप्लिका दोन सेकंद मागे असली तरी ग्राहकाला नवी ऑर्डर यादीत दिसत नाही. रेप्लिका किती सेकंद मागे चालेल ते सांगणारं मॅक्स_रेप्लिकेशन_लॅग मुळात ० असतं, म्हणजे तपासणीच बंद, ते भरा.

बदलानंतर तो लागू करणारं 'लोड... टू रनटाइम' सगळे करतात, तो कायम साठवणारं 'सेव्ह... टू डिस्क' राहतं. रीस्टार्ट झालं की नियम गायब!

शार्डिंगसाठी (डेटा अनेक सर्व्हरवर विभागण्यासाठी) मात्र रेजेक्स वाढवत बसू नका, तिथे हे साधन लवकरच डोईजड होतं.