गाविलगड: चिखलदऱ्याला जाताय तर अर्धा दिवस यालाच द्या

४ स्टार. पाचवा कापला तो पब्लिकमुळे, किल्ल्याचा काही दोष नाही.

आमच्या परतवाड्याकडचे लोकंही चिखलदरा म्हणजे पॉइंट, गरम कणीस आन् फोटो एवढंच समजतात, गडाच्या पहिल्या दरवाज्यात सेल्फी काढली का वापस. काहून बाप्पा? खरा माल तर आत आहे. शार्दूल दरवाज्यापाशी मान वर करून पाहा, सिंह, खजुराची झाडं आणि हत्ती धरलेला दोन तोंडाचा गंडभेरुंड पक्षी कोरलाय. गड बहमनी अहमदशाहानं १४२५ ला बांधला, पण १४८८ ला दुरुस्ती केली फतहुल्ला इमादउल्मुल्कनं, ज्यानं पुढं वऱ्हाडात इमादशाही काढली. हा माणूस मूळचा विजयनगरकडचा हिंदू पोरगा, लढाईत पकडला गेला आन् इकडं वाढला असं जुना इतिहासकार फरिश्ता सांगतो. तो पक्षी तिकडूनच आला असन असं मला तर वाटते.

मग १८०३. अडगावला २९ नोव्हेंबरला इंग्रजांकडून हरल्यावर नागपूरकर भोसल्यांची फौज इथं शिरली. मागं इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, तोच जो पुढं वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला. तो राहिला दक्षिणेच्या अंगाला आन् त्याच्या जोडीचा इंग्रज अधिकारी स्टीव्हन्सननं डोंगरदऱ्यातून तोफा ओढत उत्तरेकडं आणल्या, कारण गड तिकडूनच कच्चा. १५ डिसेंबरला बाहेरचा तट फोडून आत घुसले, पण आतल्या किल्ल्याला भगदाडच नव्हतं, तिथं कॅप्टन कॅम्पबेलचे शिपाई शिड्या लावून चढले आन् दरवाजा आतून उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता गेला. दोनच दिवसात देवगावचा तह, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. म्हणून म्हणतो, उत्तरेच्या तटापर्यंत चाला, तिथं उभं राहिल्याशिवाय ही लढाई डोक्यात बसतच नाही. १८५८ ला इंग्रजांनी गड पार निकामी केला, त्यामुळं पडझड दिसणारच.

आता कामाचं. पाणी आन् खायचं सोबत न्या, बूट घाला. ऐन पावसाळ्यात धुकं एवढं का समोरचा बुरूज दिसत नाही, फोटोवाल्यांना ते आवडते, मले नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. मेळघाटचं जंगल आहे, अस्वल असते, अंधार पडायच्या आत खाली या. गावातला कोरकू पोरगा वाटाड्या म्हणून घेतला तर तोफा, मशीद, तलाव सगळं बरोबर दाखवते, पैशाची घासाघीस करू नका. आन् भिंतीवर बदाम काढून नावं लिहिणारे भाऊ, तुम्ही घरीच राहा.